उभा साग पाहायला

आमच्या गल्लीत केबल आली त्या वर्षी अण्णांनी टीव्हीवर एक चालतं घर पाहिलं. अण्णा म्हणजे माझे वडील. बीडला जालना रोडवर त्यांचा ट्रकची बॉडी बांधायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक करवतीचं यंत्र आणि हाताखाली चार माणसं. पण पाटीवर तसं लिहिलेलं असल्यामुळे आम्हीही कारखानाच म्हणायचो. टीव्हीवर परदेशातलं कुठलंसं जोडपं होतं. बसएवढ्या गाडीत त्यांचा पलंग होता, शेगडी होती, नळ होता, खिडक्यांना पडदेसुद्धा होते. दोघं दाट झाडीतून गाडी चालवत होते, मनाला येईल तिथं थांबत होते आणि चहा करून पीत होते.

आई म्हणाली, "यांना घरदार न्हाई का?"

अण्णा उठून टीव्हीच्या पुढ्यात गेले, पार हातभर अंतरावर, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथंच उभे राहिले. आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मग वळून म्हणाले, "हे तर आपुन बांधू शकतो की."

ते इतकं जवळ का गेले, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी मीच त्यांना औरंगाबादला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदू निघाला. नजर कडेकडेनं गेलेली आहे, मधली तेवढी उरलीय, असं डॉक्टर म्हणाले. गेलेली परत येत नाही. थेंब घालून उरलेली जपायची. किती दिवस जपता येईल, असं मी विचारलं तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि म्हणाले, "वर्षभर म्हणा. कमी, जास्त. मावळतीनंतर एकटं सोडू नका."

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले होते. गोदावरीचा पूल ओलांडला. मग म्हणाले, "घरी कुणाला बोलायचं न्हाई. तुझ्या आईला तर मुळीच न्हाई." मी मान हलवली. गेवराई आलं तेव्हा पुन्हा बोलले, "चाळीस वर्षं साग कापला पोरी. उभा साग एकदा बी पाहिला न्हाई."

खरंच की. त्यांचा साग यायचा तो परतवाड्याच्या डेपोतून, ट्रकवर आडवा पडून, बुंध्यावर जंगल खात्याच्या हातोड्याचा ठप्पा घेऊन. नुसत्या वासावरून लाकूड किती वर्षांपूर्वी तोडलंय ते अण्णा सांगायचे. पण आमच्याकडे झाड म्हणजे कडुलिंब नाही तर बाभूळ, आणि चार लिंबं शेजारी-शेजारी उभी असली की लोक डबे घेऊन सावलीला जातात. ज्या झाडानं आमचं घर चालवलं, त्याला आमच्यापैकी कुणीच जिवंत पाहिलेलं नव्हतं. मी तर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. 'महाराष्ट्रातील वने' हा धडा मला तोंडपाठ होता.

तर चालत्या घरातून मेळघाटात जायचं ठरलं. म्हणजे अण्णांनी नुसतं "जंगलात जाऊ" म्हटलं आणि बाकीचं सगळं मी ठरवलं. मला ती सवयच आहे. रागीट माणसाला मास्तरकी मिळाली की घरादाराची शाळा होते, असं माझा धाकटा भाऊ म्हणायचा. तो गाडी चालवणार होता, तेव्हा त्याला सांभाळून घेणं भाग होतं.

शाळेचा भिंतीवरचा नकाशा मी परवानगी काढून घरी आणला आणि बैठकीत अंथरला. शिवणाच्या दोऱ्यानं अंतर मोजलं. बीड, गेवराई, शहागडला गोदावरी, मग जालना, चिखली, खामगाव, अकोला, परतवाडा. दोरा अकोल्यापर्यंत पिवळ्या आणि तपकिरी रंगावरून जात होता, आणि वर एकदम हिरवा रंग सुरू व्हायचा. गर्द, सलग हिरवा. वर्षानुवर्षं त्या हिरव्यावर पट्टी टेकवून मी मुलींना प्रश्न विचारले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, हा रंग नाही, ही जागा आहे. तिथं आत्ता या क्षणी झाडं उभी आहेत. अण्णाही गुडघे टेकून नकाशावर वाकले आणि मान सावकाश फिरवत दोऱ्याच्या मागोमाग गेले. हिरवं आलं तिथं थांबले.

"केवढं हाय गं," ते म्हणाले.

मे महिना ठरवला तो मीच. पाऊस नाही, रस्ते कोरडे, शाळेला सुट्टी. आणि खरं सांगायचं तर दिवाळीपर्यंत थांबायची माझी छाती नव्हती. भाऊ म्हणाला, "आक्का, उन्हाळ्यात कामून? दिवाळीला जाऊ की."

"जंगलात कुठला आलाय उन्हाळा?" मी म्हणाले. भूगोलाच्या बाईंपुढे तो बिचारा काय बोलणार.

जंगल खात्याला मी पत्र पाठवलं. तीन आठवड्यांनी टाईप केलेलं उत्तर आलं: विश्रामगृहाच्या आवारात गाडी उभी करण्यास हरकत नाही, सूर्यास्तानंतर आवाराबाहेर पडू नये, उन्हाळ्यामुळे पाणी सोबत आणावे. ते पत्र मी शेजारीपाजारी वाचून दाखवलं. वाघाच्या जंगलात राहायची परवानगी, सरकारी शिक्क्यासह! त्यातलं पाण्याचं वाक्य एकट्या आईनं मनावर घेतलं आणि एक मोठा ड्रम घासून उन्हात पालथा घातला.

कारखान्यात तेव्हा हात रिकामेच होते. लोखंडी बॉड्या तयार होऊन यायला लागल्या होत्या, आणि सागाची केबिन बांधून घेणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं. लाकूड वाहायचा आमचा जुना टेम्पो अण्णांनी शेडमध्ये घेतला. त्याला त्यांनी काय केलं ते आठवलं की मला अजून नवल वाटतं. दोन्ही बाजूंना बिजागरीच्या फळ्या, दिवसा मिटायच्या, रात्री उघडल्या की पलंग. मागचा फाळका साखळ्यांवर आडवा सोडला की स्वयंपाकाचा ओटा. आणि उजव्या अंगाला खिडकी, चांगली दारभर रुंद. भाऊ म्हणाला, एवढ्या मोठ्या खिडकीनं सांगाडा ढिला पडेल. अण्णा म्हणाले, "पडू दे."

मी टेप धरायला उभी राहायचे. अण्णा टेपकडे बघायचेच नाहीत. अंगठा फळीच्या कडेवरून फिरवायचे, वीत टाकायचे, आणि खूण करायचे. मी मागून मोजायचे तर सुताचाही फरक नसायचा. कडेला ठेवलेली पटाशी त्यांना दिसायची नाही. हात चाचपडत जायचा. पण एकदा ती बोटांत आली की पुढचं काम बघत राहावं. ते हात फार वेळ बघवायचे नाहीत. मग मी उगाचच भावावर खेकसायचे.

गाडी तयार झाली तेव्हा आई म्हणाली, आधी जवळच्या नारायणगडाच्या देवाला नारळ फोडू. म्हणजे रंगीत तालीमच. सगळं सामान लावलं आणि निघालो. गडाच्या चढावर पहिल्याच वळणाला वरच्या फळीवरचे डबे खाली आले. दुसऱ्या वळणाला पिठाचा डबा उघडला. गडावर पोचून मागचं दार उघडलं तर आई केसांपासून पायांपर्यंत पांढरी, मांडीवर कढई घेऊन बसलेली.

"ही गाडी हाय का चक्की?" ती म्हणाली. अण्णांना हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी ते असे हसले होते.

परत आल्यावर मी सामान पुन्हा लावायला घेतलं. यादी केली, क्रम लावला, पुन्हा बिघडला. तेवढ्यात कारखान्यातल्या एका माणसाची बायको नवऱ्याचा डबा घेऊन आली. मूळची गेवराईकडच्या चकलांब्याची. दर दसऱ्याला नवराबायको सगळं घर गाठोड्यात बांधून ट्रकवर चढायचे, साखर कारखान्यांचा ऊस तोडायला दूर मुलखात जायचे आणि चैत्रात परत यायचे; मग दसऱ्यापर्यंत तो आमच्याकडे असायचा. ती कमरेवर हात ठेवून माझी खटपट बघत राहिली.

"बाई, कंच्या कारखान्यावर चालले?"

"कारखान्यावर नाही. जंगल बघायला."

"आन् तोडायचं काय?"

"काहीच नाही."

"नुसतं बघायला घर लादलं व्हय?" ती मोठ्यानं हसली. मग पदर खोचला. "मंग नीट लादा की. व्हा बाजूला."

तिनं सगळं सामान खाली काढलं. आईला विचारलं, "माय, मुक्कामाला उतरली की पयलं काय करतीस?"

"चहा."

"मंग चहाचं शेवटी चढव. लागतं आधी ते चढतं शेवटी." पिठाचा डबा तिनं वाकळेत गुंडाळून खाली बसवला. भांड्यात भांडं, मध्ये फडकं. भरल्या ड्रमची जागा मी मागच्या टोकाला ठरवली होती. तिनं ती पुढं केबिनच्या पाठीशी आणली. "मागं ठुला तर चढावर गाडी नाक वर करती. मागल्या साली एक ट्रक तसाच उलथला." अर्ध्या तासात सगळं बसलं आणि वर एक माणूस पाय लांब करून झोपेल एवढी जागा उरली. भावानं आवारात गाडी गरगर फिरवून पाहिली. आतून एक चमचा वाजला नाही.

ती वीस वर्षं घर मोडत होती आणि लादत होती, त्यात लेकरंही वाढवत होती, आणि मला मात्र आठ दिवसांच्या सहलीसाठी नकाशा, दोरा आणि सरकारी पत्र लागलं होतं. मी चहाला थांब म्हटलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "आता चहाचं सामान काढताल तर पुन्हा चढवावं लागंल."

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पहाटे निघालो. शहागडला गोदावरीत वाळूच होती. अण्णा खिडकीशी, आई त्यांच्या शेजारी, मी पुढं भावाजवळ. पहिला मुक्काम खामगावच्या अलीकडे एका देवळापाशी केला. फाळका सोडून आईनं पिठलं टाकलं तेव्हा निम्मं गाव बघायला आलं. एका म्हातारबाबांनी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि अण्णांना रामराम केला. दुसऱ्या दिवशी परतवाडा मागं टाकलं आणि घाट सुरू झाला. मी काच खाली केली आणि मान बाहेर काढली.

जंगलाला पानं नव्हती.

एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर, नजर पोचेल तिथवर नुसते उघडे बुंधे आणि फांद्या. खाली वाळक्या पानांचा खच, एकेक पान पत्रावळीएवढं. पानझडी वने! हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. त्याखाली रेघ मारायचे. 'उन्हाळ्यात बाष्पीभवन रोखण्यासाठी पाने गळतात' हे वाक्य मुलींकडून घोकून घ्यायचे. आणि वडिलांना उभ्या आयुष्यात एकदा साग दाखवायची वेळ आली तर मी मे महिना निवडला होता. माणूस आपलंच शिकवलेलं इतकं कसं विसरतो, ते मला आजही सांगता येणार नाही. आम्हा बीडच्या माणसांच्या डोक्यात जंगल म्हणजे हिरवं, बारा महिने हिरवं. उन्हाळा फक्त आमच्याच वाट्याला दिलाय, असं आम्हाला वाटतं.

भाऊ स्टिअरिंगवर वाकून डोंगराकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "आक्का, ह्या तर आपल्या पऱ्हाट्याच की गं."

"पुढं बघून चालव," मी ओरडले. डोळ्यांत पाणी आलं होतं. कापूस वेचून झाल्यावर रानात ज्या काटक्या उभ्या राहतात, अगदी तसंच दिसत होतं. मागच्या बाजूनं एक शब्द येत नव्हता. अण्णांची निराशा झाली असणार, आणि ते मला लागू नये म्हणून बोलत नसणार, हे मी धरूनच चालले.

विश्रामगृहाच्या आवारात पोचलो. वनरक्षकानं पहिला प्रश्न विचारला, पाणी आणलंय का? हातपंप आटला होता. आईनं ड्रमकडे बोट दाखवलं आणि त्यालाच एक कळशी भरून दिली. तिचा चेहरा असा फुलला होता की जणू जंगल तिनंच लावलंय.

माझं लक्ष कशात नव्हतं. हिरवं कुठं आहे, असं मी वनरक्षकाला विचारलं. तो म्हणाला, खाली नाल्याच्या डोहाशी जांभळं आहेत, अर्जुन आहेत, तिथं बारमाही सावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोबत घेऊन मी सगळ्यांना तिकडे काढलं. अण्णा खिडकीतून उठायला तयार नव्हते. मी जवळजवळ ओढूनच नेलं.

उतार संपला आणि आम्ही झाडांखाली शिरलो. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. वर पानांवर पानं, आभाळ कुठंच नाही. अंगाची आग एकदम निवली. बुंधे इतके जाड की मी दोन्ही हात पसरले तरी निम्म्यालाही पुरेनात. मध्ये काळाभोर, गार डोह, आणि वर कुठंतरी एक पक्षी संथपणे बोलत होता. मला हात जोडावेसे वाटले. आपण किती लहान आहोत आणि तरी कुणी आपल्याला इथं येऊ दिलंय, असं काहीतरी वाटलं. आई भांडी घेऊन डोहाशी बसली. मी अण्णांकडे वळले आणि लहान मुलीसारखी म्हणाले, "अण्णा, बघा! पाहिलंत?"

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो घट्ट झाला.

"पोरी," ते म्हणाले, "इथं लई अंधार हाय."

सकाळचे अकरा वाजले होते. भाऊ चमकून आमच्याकडे बघायला लागला. औरंगाबादपासून सांभाळलेली गोष्ट सगळ्यांसमोर उघडी पडली होती, तीही माझ्याच हट्टानं. अण्णा पाय उचलायला घाबरत होते.

आईनं मान वळवली नाही. तवा घासता घासताच म्हणाली, "त्यांना वर घिऊन जा. उजेडात दिसतं त्यांना."

अण्णांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"पाण्याचा तांब्या कवाचा तुमच्या म्होरं सरकवून ठुते मी. बाजूला ठुला की सांडता. कुणी सांगाया पायजे का?"

मी त्यांना वर घेऊन आले. त्याच काटक्यांच्या जंगलात, जिथं एक पान नव्हतं आणि म्हणून ऊन थेट जमिनीपर्यंत येत होतं. माझा खांदा सोडून ते एका सागापुढं उभे राहिले. मुळाशी नजर लावली आणि मान हळूहळू वर न्यायला लागले. बुंधा, पहिली फांदी, दुसरी, अजून वर. मधूनच थांबायचे, पुन्हा थोडं खाली यायचे आणि पुन्हा वर जायचे. पार मान मागं पडेपर्यंत. मग शेजारचा साग, मग त्याच्या मागचा. खिडकीत ते आदल्या दिवसापासून हेच करत होते, हे तेव्हा कुठं मला समजलं. दिवाळीला आलो असतो तर हे सगळं जंगल पानांनी गच्च असतं, त्या डोहासारखं, आणि अण्णांना त्यातलं काही दिसलं नसतं. मी तिथंच पाचोळ्यावर बसले.

अण्णांनी बुंध्याला हात लावला. सवयीनं वीत टाकली, दुसरी टाकायला उचलली, आणि तशीच सोडून दिली.

"आपल्याकडं येतो तवा ह्याला पाय नसतात, डोकं नसतं," ते म्हणाले. "मी लाकूडच समजत होतो गं ह्याला."

पाठीमागं पानं वाजली. आई वर आली होती, ओले हात पदराला पुसत. ती अण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यांनी बोट वर करून तिला झाड दाखवलं. तिनं झाडाकडे पाहिलं नाही, ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती.

"कुठवर दिसतंय?" तिनं विचारलं.

"पार शेंड्यापोतर."

"मंग घ्या बघून," ती म्हणाली. "आमाला काई घाई न्हाई."